भाषा न येणारा काझी नंदुरबारला येतो तेव्हा

इब्न बतूता म्हटलं की आपल्या पिढीला आधी हिंदी सिनेमातलं गाणं आठवतं. मग कधीतरी शाळेत वाचलेलं, की हा मोरोक्कोचा प्रवासी महंमद तुघलकाच्या दरबारात होता. तो नंदुरबारला येऊन गेला होता, हे मात्र खुद्द नंदुरबारमध्येही फार जणांना माहीत नसतं. १३४२ साली तो आला. गावाबद्दल त्याने एक छोटा परिच्छेद सांगून ठेवलाय, आणि माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा निम्मा वेळ त्या एका परिच्छेदाने खाल्लाय.

मागच्या वेळी मी सुरत-बऱ्हाणपूर वाटेबद्दल लिहिलं होतं. त्यावर काहींनी विचारलं की संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून तुम्ही जुने प्रवासी कशाला वाचता? बरोबर प्रश्न आहे. उत्तर असं, की प्रवाशाचं वर्णन हाही एक प्रकारचा डेटाच असतो. कोणत्याही डेटाला पहिला प्रश्न विचारायचा तो म्हणजे हा गोळा कसा झाला. इब्न बतूताच्या बाबतीत हा प्रश्न फारच अडचणीचा होतो, कारण या माणसाला इथली भाषा येत नव्हती. तरीही त्याने इथे अनेक वर्षं नोकरी केली, आणि नोकरी साधीसुधी नाही, न्यायाधीशाची.

आधी थोडं मागे जाऊ. १३०४ मध्ये टँजिअरला जन्म. १३२५ मध्ये, म्हणजे एकविसाव्या वर्षी, हजला जायचं म्हणून घरातून निघाला. कायद्याचं शिक्षण घेतलेला, अरबी उत्तम. अरबी जिथवर चालते तिथवर त्याचं सगळं बरं चाललं. आजच्या तुर्कस्तानात, अनातोलियात, पोचल्यावर मात्र अडकला. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. माझ्याच वयाचा, म्हणून हा भाग मी जरा जास्तच मन लावून वाचला.

तिथला एक किस्सा असा. एका गावी मुक्काम, यजमानाला फक्त तुर्की येतं आणि पाहुण्यांना फक्त अरबी. यजमान म्हणाला, आमच्या गावच्या पंडिताला बोलवा, त्याला अरबी येतं. पंडित आले आणि फारसीत बोलायला लागले! पाहुण्यांनी अरबीत काही विचारलं, ते पंडितांना अजिबात कळलं नाही. गावासमोर अब्रू जायची वेळ. मग पंडितांनी यजमानाला फारसीत सांगितलं की हे लोक जुनी अरबी बोलतात, मला फक्त नवी येते. यजमानाला वाटलं, जुनी अरबी म्हणजे साक्षात पैगंबरांची भाषा. त्याने पाहुण्यांची आणखीच बडदास्त ठेवली. इब्न बतूता म्हणतो की तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता, पण शब्द डोक्यात राहिले होते; पुढे फारसी शिकल्यावर अर्थ लागला.

याच प्रवासात त्यांना तूप हवं होतं. अरबीत तूप म्हणजे 'समन'. बाजारात गेलेला माणूस तुपाऐवजी पेंढा घेऊन आला, कारण तुर्कीत साधारण त्याच उच्चाराचा शब्द पेंढ्याला आहे. शेवटी कंटाळून त्यांनी अरबी जाणणारा एक हाजी दुभाषा म्हणून सोबत घेतला. तो हिशेबात पैसे मारायचा. मारतोय हे सगळ्यांना कळत होतं, पण त्याच्यावाचून गत्यंतर नव्हतं. रोज रात्री ते त्यालाच विचारायचे, आज किती मारलेस? तो खरा आकडा सांगायचा, आणि सगळे हसून विषय सोडून द्यायचे. परदेशात भाषेवाचून राहिलेल्या कुणालाही हा व्यवहार ओळखीचा वाटेल. दुभाषाचा पगार आपण दोनदा देतो, एकदा उघड आणि एकदा गुपचूप.

आता दिल्ली. १३३३ च्या सप्टेंबरात तो सिंधूपाशी पोचला. महंमद तुघलकाला परदेशी लोकांचं फार आकर्षण. खुरासान, इराण, अरबस्तानातून आलेल्यांना तो मोठमोठ्या जागा द्यायचा आणि त्यांना 'परदेशी' न म्हणता 'अझीझ' म्हणा, असा त्याचा हुकूम होता. माझा अंदाज असा की त्यामागे हिशेबही होता. बाहेरून आलेल्याला इथे भाऊबंद नाहीत, जहागिरी नाहीत, गट नाही. तो पूर्णपणे सुलतानावर अवलंबून. भाषा न येणं हा अशा नोकरीत दोष नसून जवळजवळ पात्रताच ठरते.

इब्न बतूताला दिल्लीचा काझी नेमलं तेव्हा तो तिशीचा होता. वर्षाला १२,००० दिनार, शिवाय तेवढीच रक्कम रोख, घोडा, मानाची वस्त्रं. यावर त्याने सुलतानाला दोन अडचणी प्रामाणिकपणे सांगितल्या. मी मालिकी पंथाचा आहे आणि इथले लोक हनफी. दुसरं म्हणजे मला इथली भाषा येत नाही. सुलतानाने तोडगा काढला: मुलतान आणि बिजनोरचे दोन जाणकार तुझे नायब म्हणून देतो, ते तुझ्या सल्ल्याने काम करतील, कागदांवर सही मात्र तुझी.

सहीचा काझी! हे वाचल्यावर मला आधी हसू आलं आणि मग त्या फिर्यादींचा विचार आला. दिल्लीतला एखादा विणकर किंवा भाजीवाला तक्रार घेऊन आला असेल. तो हिंदवीत बोलला, नायबाने ते फारसीत सांगितलं, काझीच्या डोक्यात ते अरबी कायद्यात बसलं, आणि निकाल उलट त्याच पायऱ्यांनी खाली आला. काझी साहेब स्वतः काही वर्षांत ५५,००० दिनारांच्या कर्जात बुडाले होते आणि ते फेडून घ्यायला त्यांनी सुलतानाला अरबीत कसीदा लिहून ऐकवला, ही गोष्ट वेगळी.

तर त्याला किती भाषा आली? फारसी बऱ्यापैकी आली. दिल्ली सोडल्यावर अलीगढजवळ, तेव्हाच्या कोइलपाशी, त्याला पकडलं गेलं. पकडणाऱ्यांमधले दोघे त्याच्याशी फारसीत बोलले आणि त्यानेही निभावून नेलं. इथल्या बोलींचं काय? त्याच्या ग्रंथात आपल्याकडचे शब्द बरेच सापडतात. खिचडी आहे, आणि ती मूग-तांदळाची असते आणि तुपाबरोबर सकाळी खातात हेसुद्धा आहे. आंबा, जांभूळ, मोह, टेंभुर्णी, पायऱ्यांची विहीर, डोली. मी हे शब्द एका तक्त्यात उतरवून काढले तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ सगळी नामं आहेत. खायच्या वस्तू, फळं, वाटेवरच्या सोयी, हुद्दे. क्रियापदं जवळपास नाहीतच. बोट दाखवून मिळते तेवढी भाषा त्याने गोळा केली होती. वाक्य हवं असलं की फारसी जाणणारा माणूस लागायचा.

ही दोन गाळण्यांची गोष्ट डोक्यात ठेवून आता नंदुरबारला या.

१३४२ मध्ये सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. बरोबर नजराणे, चीनहून आलेले पंधरा वकील, त्यांचे शंभरेक नोकर, आणि जहाजात बसेपर्यंत सोबत द्यायला हजार घोडेस्वार. हा सगळा लवाजमा दौलताबादहून खंबायतकडे निघाला आणि वाटेत नंदुरबार लागलं. नाव तो असं लिहितो की अभ्यासक त्याला 'नधरबार', 'नझरबार' अशा वेगवेगळ्या तऱ्हेने वाचतात. मधला अनुस्वार हरवलाय, बाकी ठीक.

देवगिरीच्या यादवांचा शेवटचा राजा हरपालदेव १३१८ मध्ये मारला गेला, म्हणजे तेव्हा यादवांची सत्ता जाऊन चोवीस वर्षंच झाली होती. ज्ञानेश्वरी लिहून पन्नासएक वर्षं. नंदुरबारच्या म्हाताऱ्यांनी यादवांचा काळ डोळ्यांनी पाहिला असणार. अशा वेळी बाहेरच्या माणसाने इथल्या लोकांबद्दल काय लिहिलं, याचं मोल तुमच्या लक्षात येईल.

तो काय म्हणतो ते माझ्या शब्दांत सांगते. हे छोटं गाव आहे, इथे मराठे राहतात. कारागिरीत हुशार, वैद्य आणि ज्योतिषीही आहेत. त्यांच्यातले थोर लोक म्हणजे ब्राह्मण आणि खत्री. भात, भाज्या आणि तिळाचं तेल हे त्यांचं खाणं. प्राण्यांना दुखवणं किंवा मारणं त्यांना आवडत नाही. जेवणाआधी अंघोळ करतात. नात्यात लग्न करत नाहीत, मध्ये सात पिढ्यांचं अंतर लागतं. दारू पीत नाहीत, तो त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा दोष. मग दारू पिणाऱ्या मुसलमानालाही हिंदुस्थानात काय शिक्षा होते ते तो सांगतो (ऐंशी फटके आणि तीन महिने तळघरात कोंडणं) आणि पुढच्या गावाला निघतो.

एक बाजूची गोष्ट आधी संपवते. इथे 'मराठे' म्हणजे आजच्या अर्थाने जात नव्हे. मराठी मुलखातले लोक, एवढंच. हा परिच्छेद व्हॉट्सॲपवर जातीच्या अभिमानासाठी फिरवू नका.

आता प्रत्येक विधानापुढे मी एक खूण करते: हे पाहून कळेल, की सांगावं लागेल? भात, भाजी, तेल पाहून कळतं. जेवणाआधीची अंघोळ पाहून कळते, आणि तिचं वर्णन करताना तो आपल्या धर्मातल्या शुद्धिस्नानाशी तुलना करतो, म्हणजे घरचं माप लावून मोजतोय. वैद्य आणि कारागीर बाजारात दिसतात. पण सात पिढ्या? सात पिढ्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते कुणीतरी त्याला सांगितलं. फारसीतून सांगितलं, किंवा फारसी जाणणाऱ्याकडून सांगवलं.

कोणी सांगितलं असेल, याचा माग त्याच वाक्यात आहे. सात पिढ्यांचा नियम हा धर्मशास्त्रातला सपिंडतेचा नियम. याज्ञवल्क्य स्मृतीत बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या वर्ज्य सांगितल्यात. सांगणाऱ्याने आकडा बरोबर सांगितला आणि इतक्या भाषा पार करूनही तो सात हा आकडा शाबूत राहिला, याचं मला खरंच कौतुक वाटतं. पण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत चालतं, ती इथली जुनी रीत. ज्या माणसाने 'आमच्याकडे सात पिढ्या' असं सांगितलं, तो पोथीतला नियम सांगत होता, आणि तो सगळ्या गावाच्या नावावर सांगत होता. ब्राह्मण आणि खत्री हेच थोर, असंही त्यानेच सांगितलं असणार. भात आणि दारूबंदीचं चित्र पुन्हा त्याच घरातलं दिसतं. आजही नवापूरच्या बाजूला, पाऊस जास्त तिकडे, भात होतो. पण मुलखाचं रोजचं अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी. ती त्याच्या ताटात आलेली दिसत नाही.

संख्याशास्त्रात आम्ही याला नमुन्याचा कल म्हणतो. हजार घोडेस्वारांसह सुलतानाचा वकील छोट्या गावात आला तर भेटायला कोण पुढे होईल? अंमलदार, सावकार, दोन शब्द फारसी येणारा कुणी प्रतिष्ठित. शेतात राबणारी माणसं तर घोडे पाहूनच लांब राहतील. आणि लवाजमा चालता, मुक्काम फार लांबला असेल असं मजकुरावरून वाटत नाही.

म्हणूनच या परिच्छेदात सातपुडा नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. चौदाव्या शतकाचे आकडे कुणाकडे नाहीत आणि आजचा आकडा तेव्हाला चिकटवणं चूक ठरेल, ते मी करत नाहीये. पण डोंगरातल्या भिल्लांचा त्याच्या नंदुरबारात शब्दही नसणं याचा अर्थ 'तेव्हा इथे फक्त शाकाहारी, दारू न पिणारे लोक राहत' असा कुणी काढत असेल, तर त्याला मी हरकत घेणार. गेल्या वर्षी एका स्थानिक स्मरणिकेत नेमकं हेच वाचलं. ज्यांच्या आणि प्रवाशाच्या मध्ये दुभाषाच नव्हता, त्यांची नोंद होण्याचा मार्गच नव्हता.

भिल्ली बोलींचे नमुने छापून हातात हवे असतील तर आपल्याला थेट ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणापर्यंत यावं लागतं. भिल्ली आणि खानदेशीचा खंड १९०७ चा, संपादन स्टेन कोनो या नॉर्वेजियन अभ्यासकाचं. तिथेही गंमत आहे. सगळ्या भाषांचे नमुने तुलनेला यावेत म्हणून सगळीकडे एकच गोष्ट भाषांतर करून घेतली, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. म्हणजे परक्या देशात जाऊन डुकरं राखायची नोकरी करावी लागलेल्या तरुणाची!

कुणी म्हणेल, एवढा अविश्वास असेल तर हा परिच्छेद टाकूनच द्या ना. इब्न बतूताच्या ग्रंथावर शंका घेतल्याही गेल्या आहेत. त्याने तो १३५५ च्या सुमारास, घरी परतल्यावर, इब्न जुझय नावाच्या लेखकाला तोंडी सांगितला. म्हणजे नंदुरबारनंतर तेरा वर्षांनी. मक्का-दमास्कसची वर्णनं लेखकाने इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाच्या ग्रंथातून बरीच उचलली आहेत, हे सिद्ध झालंय. पण नंदुरबारसाठी उचलायला आधीचा अरबी ग्रंथ कुठून आणणार? हे तपशील त्याच्याच आठवणीतले असण्याची शक्यता मोठी आहे. आणि तिळाच्या तेलासारखी बारीक गोष्ट कोण कशाला रचेल? आज जिल्ह्यात शेंगदाण्याचं तेल आणि नंदुरबारची मिरची यांच्याशिवाय स्वयंपाक सुचत नाही, पण ही दोन्ही पिकं अमेरिका खंडातून आली, १४९२ नंतर. १३४२ च्या ताटात तिळाचं तेल असणं अगदी जुळतं.

तुलनेला दुसरा एक प्रवासी घ्या. १६१० मध्ये विल्यम फिंच हा ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी सुरतेहून आग्र्याकडे जाताना नंदुरबारवरून गेला. त्यालाही इथली भाषा येत नव्हती. त्याच्या नोंदीत काय दिसतं? थडगी, विश्रामाची घरं, किल्ला, चांगला तलाव. सगळ्या दगडा-पाण्याच्या गोष्टी. माणूस एकही नाही. फिंचचं नंदुरबार मी खुणा करून तपासलं तर सगळ्या खुणा 'पाहून कळेल' याच रकान्यात पडतात. इब्न बतूताच्या परिच्छेदात निदान माणसं आहेत, आणि ती काय मानतात हे आहे, कारण त्याच्याकडे फारसीची एक अर्धी-मुर्धी का होईना पण पायरी होती आणि फिंचकडे तीही नव्हती.

तुमच्यापैकी जे पोस्टडॉकसाठी जर्मनीला किंवा जपानला निघालेत त्यांना ही पायरी माहीत असेलच. लॅबमध्ये इंग्रजी चालते, घरमालकाचं पत्र आलं की चालत नाही. मग आपलं त्या देशाबद्दलचं सगळं ज्ञान इंग्रजी येणाऱ्या चार सहकाऱ्यांकडून आलेलं असतं, आणि आपण ब्लॉगवर लिहितो, 'जर्मन लोक असे असतात'. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, त्यात निघण्याआधी जर्मन शिकवण्याची सोय ठेवली आहे. तुघलकाने दोन नायब दिले होते.

नंदुरबारनंतर तो 'सागर' नावाच्या गावी पोचला. हे आजचं सोनगढ असावं असं अभ्यासक मानतात. मोठ्या नदीवरचं मोठं गाव, पाणी उपसायला रहाट, आंबा, केळी आणि उसाचे मळे. ती नदी म्हणजे आपली तापी. पण तो म्हणतो की नदीचंही नाव सागरच आहे, गावाचं तेच. तापीला सागर म्हणत असल्याचं मला अजून दुसरीकडे कुठेही सापडलेलं नाही. माझा तर्क सरळ आहे: काठावर उभं राहून त्याने पाण्याकडे हात केला आणि हे काय म्हणून विचारलं, आणि समोरच्या माणसाला वाटलं की पाहुणा गावाचं नाव विचारतोय. हे माझ्या तक्त्यात 'सांगावं लागेल' या रकान्यात आहे, आणि त्यापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. सोनगढ-व्यारा भागातल्या कुणाला नदीचं किंवा एखाद्या फाट्याचं असं जुनं नाव ऐकून माहीत असेल, तर मला जरूर कळवा.